नाण्यावर बोलायचं नाही

कुट्झटाउन, पेनसिल्व्हेनिया
१२ एप्रिल २०११

आदरणीय ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, एलवुडचा, दुरूनच वाकून नमस्कार. (कमरेमुळे याहून जास्त वाकता येत नाही. राहिलेला मनातल्या मनात पुरा केला आहे, तो पोचला असं समज.) तू खुशाल असशीलच. गुडघे कसे आहेत? मुलगे, सुना, नातवंडं सगळी ठीक ना? त्यांची नावं मला तुझ्या नाताळच्या कार्डांवरून पाठ आहेत, चेहऱ्यांचं काही सांगता येत नाही. तुमच्या अॅस्टोरियाला काल पाऊस होता, आज आहे आणि उद्याही आहे. हे मला कसं माहीत, तर वर्तमानपत्रातलं हवामानाचं पान मी गेली एकतीस वर्षं ओरेगनपासून वाचायला घेतो आणि आपल्या पेनसिल्व्हेनियापर्यंत येता येता बहुतेक वेळा कॉफी संपते. (त्यामुळे छत्री न घेता बाहेर पडून भिजण्याची पाळी माझ्यावर वरचेवर येते.) माझी प्रकृती उत्तम आहे. काळजीचं कारण नाही.

इतकं जाड पाकीट बघून तू दचकली असशील. आपला रिवाज म्हणजे वर्षाला एक कार्ड, त्यात छापील शुभेच्छा आणि खाली सही. तो आपण दोघांनी सरकारी खात्यासारखा पाळला. टोइव्हो भावोजी गेले तेव्हा मात्र मी तुला तीन पत्रं लिहिली होती आणि तिन्ही फाडली. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाने लिहिलेलं पत्र पेटीत न टाकता फाडावं, ही काही बरी गोष्ट नव्हे, पण फाडली खरी. मध्ये एक अर्धवट राहिलं, ते सोडलं तर हे चौथं. आणि हे लिहायला सबळ कारण आहे, उगीच गळ्यात पडायला आलेलो नाही. बाबांच्या मृत्युपत्राप्रमाणे अठराशे सहा सालच्या त्या पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्यात अर्धा वाटा तुझा आहे, आणि त्या नाण्याच्या बाबतीत गेल्या वर्षभरात जे घडलं ते वाटेकरणीला कळवणं माझं कर्तव्य आहे. तेव्हा हे पत्र तू एक अहवाल समजून वाचावंस. मध्येच कुठे मला तुझी आठवण येते असं लिहिलेलं आढळलं तर तो अहवालाचा भाग नाही, तो ओलांडून पुढे जावं.

तुला नाणं आठवतं का हे विचारत नाही. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी खाऊन झाला की बाबा सगळ्यांना हात धुवायला पाठवायचे, साबण लावून, दोनदा. मग जेवणाच्या टेबलावर हिरवा टॉवेल चार घड्या घालून अंथरायचा, कोणाच्या हातून सुटलंच तर नाणं मऊ जागी पडावं म्हणून, आणि बाबा तंबाखूच्या डब्यातून ते काढायचे. फुगीर टोपी घातलेली ती बाई, भोवती तेरा चांदण्या, खाली साल आणि सहाच्या आकड्याच्या शेंड्याला ती बारीक गाठ. (गाठीचा सहा जास्त दुर्मीळ की टोकाचा सहा, यावर बाबा आणि हारलन ट्रेक्सलरचे वडील तासन्‌तास भांडायचे. उत्तर आता पुस्तकात छापून आलं आहे आणि बाबा चुकले होते. मी हे अजून हारलनला कबूल केलेलं नाही.) कडेच्या दात्यांवर दोन बोटं ठेवायची, बाकी कुठेही स्पर्श नाही. आणि मुख्य नियम असा, की नाणं बाहेर असताना नाण्यावर बोलायचं नाही. बोलताना तोंडातून बारीक तुषार उडतो, तो सोन्यावर बसला की वर्षा-दोन वर्षांनी तिथे डाग उमटतो. गावातले सगळे नाणीवाले हा नियम पाळायचे, अजूनही पाळतात, पण आपल्या घरात तो चर्चमधल्यापेक्षाही कडक होता.

आईने त्याचा भलताच उपयोग करून घेतला होता. तू आणि मी हातघाईवर आलो की ती चुलीपाशी उभी राहून हाक मारायची, "अहो, नाणं काढा!" की टॉवेल, की साबण, की घर चिडीचूप. नवीन वर्षाचं नाणं मग मार्चमध्येही निघायचं, जुलैमध्येही निघायचं. माझ्या केसांत तू डिंक ओतलास त्या दिवशी ते दोनदा निघालं होतं. तू टेबलापलीकडे बसून, तोंड न उघडता, नुसत्या भुवया वर-खाली करून मला हसवायचीस. मी श्वास कोंडून बिटासारखा लाल व्हायचो आणि बाबांना वाटायचं, मुलगा नाण्यासमोर भारावून गेला आहे. (त्यांनी हे पाद्रीबाबांनाही सांगितलं होतं.) ताई, त्यानंतर मला इतकं हसू कोणी आणलेलं नाही. नाणेमंडळात विनोद होतात, पण ते नाण्यांवरचे असतात.

आता तो ऐंशी सालचा फेब्रुवारी. तो टाळून अहवाल पुरा होत नाही. बाबांना नुकतंच पोचवून आलो होतो, घरात पन्नास-साठ माणसं, टेबलावर मनुकांचे सात पाइ (बाकी जगात त्याला मनुकांचा पाइ म्हणतात, आपल्याकडे मयताचा). थोरले ट्रेक्सलर म्हणाले, एकदा नाणं बघू दे, आम्हा दोघांचं भांडण तेवढंच उरलं आहे. मी डबा उघडला तर आत नाणं नाही. मी घर डोक्यावर घेतलं. तेव्हा तू स्वयंपाकघरातून आलीस आणि एप्रनच्या खिशात हात घालून सगळ्यांसमक्ष काय काढलंस? किल्ल्यांचा जुडगा, पेन्सिलचा तुकडा, कपडे वाळत घालायचा चिमटा, आणि त्यांच्यात लोळणारं अठराशे सहाचं नाणं.

मी काय ओरडलो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "पावणेदोनशे वर्षांची तू एका सकाळीत माती केलीस" इथपर्यंत ठीक होतं, नाणीवाला माणूस याहून कमी बोलूच शकत नाही. पण पुढचं, म्हणजे "या घरातल्या कशाचीच तुला कदर नव्हती, म्हणून तर पळालीस ना ओरेगनला", हे नाण्याबद्दल नव्हतं. ते मी आधीची सतरा वर्षं साठवून ठेवलं होतं. तू आईकडे एकदा बघितलंस. (मला वाटलं, आता आईच्या पदराआड लपते आहे.) नाणं टेबलावर ठेवलंस, ताटलीतला पाइ शेवटच्या मनुकेपर्यंत खाल्लास, ताटली धुऊन पालथी घातलीस आणि निघून गेलीस. नोव्हेंबरमध्ये आई गेली तेव्हा आपण एकमेकांशी अकरा शब्द बोललो. त्यांतले सहा गाडी कुठे लावायची याबद्दल होते.

मग मी नाण्याचा राखणदार झालो. लग्नबिग्न केलं नाही हे तुला माहीतच आहे, तेव्हा राखायला दुसरं काही नव्हतंही. आपल्या घराण्याला राखण करण्याची हौस जुनीच. तेहतीस साली सरकारने लोकांकडचं सोनं जमा करायचा हुकूम काढला तेव्हा जुन्या दुर्मीळ नाण्यांना त्यातून सूट होती, पण आजोबा हुकूम पहिल्या ओळीपर्यंतच वाचायचे. त्यांनी नाणं आंबवलेल्या कोबीच्या मोठ्या बरणीत तळाशी घातलं आणि घरादाराला दोन हिवाळे कोबी वाढला नाही. आजोबांचं सोनं वाचलं आणि कोबी वाया गेला. माझ्या हातून मात्र दोन्ही गोष्टी धड झाल्या नाहीत. बँकेत लॉकर घेतला, तर ती शाखा बंद होऊन तिथे केशकर्तनालय आलं. दुसऱ्या शाखेतला लॉकर तळघरात, तिथे ओल. ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या, त्या बदलायला दर आठवड्याला जाऊ लागलो, तेव्हा तिथल्या मॅनेजरीणबाई काळजीने म्हणाल्या, "एलवुड, घरी कोणी बोलायला नसतं का हो?" मला ते लागलं. मी नाणं घरी आणलं. चोराची घंटा बसवली, ती मी रोज सकाळी पेपर घ्यायला दार उघडलं की वाजायची आणि अग्निशमन दलातली मुलं गाडी घेऊन यायची. (चौथ्या खेपेनंतर ती कॉफी प्यायलाच येऊ लागली. ते दिवस बरे होते.) मग घंटा काढून मी नाणं इतक्या बेमालूम जागी लपवलं की सहा आठवडे मलाच सापडलं नाही. शेवटी फ्रीजरमध्ये, गोठवलेल्या मक्याच्या दाण्यांच्या पिशवीत निघालं. अर्धा मका तोवर मी खाल्ला होता.

हे ऐकून हारलनने डोक्याला हात लावला. हारलन, म्हणजे धाकटा ट्रेक्सलर, आता मंडळाचा अध्यक्ष आहे (दर महिन्याचा पहिला मंगळवार, अग्निशमन दलाचा हॉल, जागा तीच, खुर्च्या नव्या). तो म्हणाला, आता कोणी डब्यात ठेवत नाही. नाणं परीक्षकांकडे पाठवायचं. ते भिंग लावून अस्सल आहे का बघतात, सत्तरपैकी गुण देतात आणि कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. मग त्याच्यावर बोल, शिंक, हवं तर गाणं म्हण. मला गुणांचा मोह झाला. आपलं नाणं कधी कोणाच्या हाती लागलेलं नाही, चौघांच्या बोटांखेरीज त्याला काही माहीत नाही, तेव्हा साठ तरी मिळतीलच असा मी मनाशी हिशेब बांधला. (तुझ्या किल्ल्यांचे पाच वजा करून पंचावन्न. खरं तेच लिहितो आहे.)

पण पाठवायचं म्हणजे पोस्टाने. ताई, चौतीस वर्षं मी लोकांना छातीवर हात ठेवून सांगत आलो की रजिस्टर केलेलं पार्सल हरवत नाही, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मला पोस्टातला प्रत्येक कोपरा आठवला जिथे पार्सल घरंगळून जाऊ शकतं. कागदी चिकटपट्टी लावली, प्रत्येक जोडावर शिक्के मारून घेतले, खिडकीतल्या मुलीने हात पुढे केला आणि मी पार्सल सोडेना. ती म्हणाली, "एलवुडकाका, सोडा आता, मागे रांग आहे." पुढचे सत्तेचाळीस दिवस मी टपालाच्या पेटीकडे डोळे लावून बसलो. खरं सांगायचं तर पेटीकडे डोळे लावून बसायची मला सवय आहे, पण ती डिसेंबरात असते.

नाणं परत आलं, कडक डबीत बसून, आणि चिठ्ठीवर गुणांच्या जागी काहीच नाही. नुसतं छापलेलं, की नाणं अस्सल आहे, पण पूर्वी कधीतरी घासून साफ केलेलं आहे. तुला हे सांगायला नको, पण तुझ्या सुना वाचतील म्हणून लिहितो, की नाणीवाल्यांमध्ये यासारखी नाचक्की नाही. मळलेलं चालतं, झिजलेलं चालतं, घासलेलं चालत नाही. त्याची किंमत तिसऱ्या हिश्शावर येते आणि ते बाळगणाऱ्याची त्याहून खाली. मंगळवारी मंडळात मी डबी खिशात दडवून गेलो, पण हारलन दारातच उभा. त्याने ती दिव्याखाली धरून तिरकी केली.

"एल, हे कोणीतरी मन लावून घासलंय रे."

"किल्ल्या," मी म्हणालो. "माझ्या बहिणीच्या किल्ल्या."

"किल्ल्यांनी टोचे पडतात. हे बघ, सगळ्या रेघा बारीक आणि एकाच दिशेने गोल फिरलेल्या. हे फडक्याचं काम आहे. आणि एकदाचं नाही, वर्षानुवर्षांचं. घरात इतकी चिकाटी कोणाला होती?"

मागून कोणीतरी म्हणालं की एलवुडला तर नाही, त्याच्या खिडकीच्या काचा बघा. सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं की हे तुझंच काम. लहानपणी तू माझ्यावर सूड म्हणून लपून घासत असशील. त्याच दुपारी तुला पत्र लिहायला बसलो. फार कडक पत्र होतं, ताई, आणि मला ते लिहिताना बरं वाटत होतं, कारण अखेर तुला लिहायला काहीतरी निमित्त मिळालं होतं. दोन पानं झाल्यावर पुरावा हवा म्हणून मी ब्यूला फेन्स्टरमाखरकडे गेलो. आपल्या शेजारची ब्यूलाकाकू आता त्र्याण्णव वर्षांची आहे, वृद्धाश्रमात असते. एका कानाने बहिरी आहे आणि दुसऱ्याने सगळं ऐकते. काकवीचा पाइ घेऊन गेलो, तो तिने आधी संपवला.

"ते नाणं होय!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या खाटेवरची बाई जागी झाली. "अरे एली, तुझी आई घासायची. दर वर्षी, एकतीस डिसेंबरला, तुझा बाप कोबी आणायला गेला की. खायचा सोडा आणि त्याच्या जुन्या फ्लॅनेलच्या सदऱ्याचा तुकडा. ती बाई गवतसुद्धा घासायची, ते जागेवर राहिलं असतं तर! आणि दुसऱ्या दिवशी तुझा बाप टेबलावर छाती काढून काय म्हणायचा?"

मला आठवलं. बाबा नाणं डब्यात परत ठेवलं की म्हणायचे, "बघा, सोनं कधी मळत नाही." आणि आई खाली बघून ताटल्या गोळा करायची.

"तुला माहीत नव्हतं?" काकू म्हणाली. "तुझ्या ताईला, व्हर्नाला होतं की. ती बारा वर्षांची असताना तिने पकडलं होतं आईला. आई म्हणाली, बाबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. मग पोरगी दर वर्षी शेजारी उभी राहून म्हणायची, आई, हळू घास, आई, पुरे."

मी त्या फेब्रुवारीबद्दल विचारलं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"मी होते ना स्वयंपाकघरात, पाइ कापायला. तुझी आई सोड्याचा डबा घेऊन बसली होती. नवरा तासाभराने मातीत जाणार आणि ही नाणं घासतेय. लोक येतील, त्यांनी मागितलं तर चमकायला नको का, म्हणत होती. इतका जोर लावत होती, तुला सांगते, नाण्याचं कातडं काढलं असतं तिने. व्हर्नाने हळूच तिच्या हातातून ते घेतलं, खिशात घातलं आणि तिला चहा करून दिला. मग तू आलास बोंबलत." काकूने ताटलीतली काकवी बोटाने पुसली. "मला वाटलं, आता पोरगी सांगेल. नाही सांगितलं. काय हाड आहे बघ! तू मात्र गाढवाचा गाढवच राहिलास, एली. ये पुढच्या बुधवारी, आणि पाइ थोडा ओलसर आण."

मी घरी आलो आणि ती दोन पानं जाळली.  तू आईकडे बघितलंस ते मला एकतीस वर्षं दिसत होतं, ताई, पण का बघितलंस ते दिसलं नव्हतं. आई गेल्यावरही तू सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे आणि उत्तर आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी घरात त्या नाण्याची काळजी घेणारं एकच माणूस होतं, आणि त्यालाच मी पन्नास माणसांसमोर हाकलून दिलं. मला क्षमा कर. हे वाक्य फार आखूड झालं याची मला जाणीव आहे, पण लांब करायला गेलो की ते बिघडतं. मी करून बघितलं.

पुढचं तू हारलनला सांगू नकोस. मी ती कडक डबी फोडली. ती सहजासहजी फुटत नाही, अडकित्त्याने नाही, हातोडीने नाही, शेवटी वर्कशॉपमधल्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरून आवळली तेव्हा कडकन वाजली आणि माझा अंगठा मध्ये आला. (आता बरा आहे, नख जाईल.) नाणं काढलं आणि सरळ मुठीत धरलं. हात धुतले नव्हते, टॉवेल अंथरला नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांत मी त्याला कडेखेरीज कधी हात लावला नव्हता. ते आधी गार लागतं, मग थोड्या वेळाने आपल्या हाताइतकं गरम होतं आणि मुठीत आहे की नाही हे कळेनासं होतं. ते तसंच धरून मी त्याच्यावर बोललो. बाबांना, आईला आणि मुख्य म्हणजे तुला जे काय म्हणायचं होतं ते सगळं, भरपूर तुषार उडवत. उत्तर देणारं कोणी नव्हतं, पण पेठेतून परत येताना मॅनेजरीणबाई भेटल्या आणि म्हणाल्या, आज आवाज बसलाय का?

तर अहवाल असा: नाणं सुखरूप आहे, घासलेलं आहे, आणि त्यात अर्धा वाटा तुझा आहे. माझ्या मते आता पुराच तुझा. मुलांना गोड पापा. टोइव्होंबद्दल मला फार वाईट वाटलं होतं, ते तेव्हा लिहायला हवं होतं.

तुझा गाढव भाऊ,
एलवुड ड्रकेनमिलर

ता. क. नाणं मी पोस्टाने पाठवणार नाही. तेवढा माझा पोस्टावर विश्वास नाही आणि ही गोष्टही गावात कोणाला सांगू नकोस. ज्याला हवं त्याने येऊन न्यावं. तुझी वरची खोली मी झाडून ठेवली आहे. विशेष कारण नाही, जाळी झाली होती.

पुन्हा ता. क. वर सुरुवातीला माझी प्रकृती उत्तम असं लिहिलं आहे, ते पत्रात लिहायची रीत म्हणून. एकोणीस मेला रेडिंगच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर अगदी पोरगा वाटतो, पण सगळे म्हणतात हुशार आहे. त्याची काही काळजी नाही. अडचण वेगळीच आली आहे. तिथे भरायच्या कागदावर एक चौकोन असतो, सर्वांत जवळच्या माणसाचा. नाव, नातं, फोन. नाव मी तुझं लिहिलं, नात्यापुढे बहीण लिहिलं (तुला न विचारता लिहिलं, राग मानू नकोस), पण फोनच्या जागी लिहायला माझ्याकडे काही नाही. इस्पितळाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, नंबराशिवाय हा कागद पुढे जात नाही. सख्खी बहीण आहे ना तुमची? मग नंबर पाठ नाही?" मी सांगितलं, पाठ होता, म्हातारपणामुळे विसरलो. तेव्हा या पत्राचं खरं काम एवढंच आहे की तुझा फोन नंबर हवा. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. नुसते आकडे लिहून टाकलेस तरी चालेल, वर मायना नको, खाली सही नको. दहा मेपर्यंत मिळाला तर बरं.

आणखी एक. हारलन माझ्याबरोबर आला होता, तो तिथेच म्हणाला की उगाच खोळंबा कशाला, एल, माझं नाव आणि नंबर टाक आणि मोकळा हो. पेन त्याने पुढे केलंसुद्धा होतं. मी म्हटलं, नको, मला बहीण आहे.